बाळंतपण झाल्यावर या

मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची. हौसेने माझ्यावर कुणी बसत नाही. एरवी घर डोक्यावर घेणारी माणसं माझ्यावर टेकली की अगदी कोकरू होतात.

कारखान्यातून आले त्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं होतं. त्याला चौदा वर्षं झाली. आता डाव्या हाताचं रेक्झिन फाटलंय. घाबरलेली माणसं तिथेच नखं रुतवतात.

तिनेही रुतवली होती. शाळेचे गणवेश शिवायच्या कामावर होती ती. सोबत नणंद.

"दोरा दाताने तोडला की रक्त येतं," ती म्हणाली. "आता तर ब्रश लावायचीही भीती वाटते."

बाईंनी दिवा जवळ ओढला. हिरड्या लालबुंद, सुजलेल्या. हत्याराचं नुसतं टोक लागलं तरी रक्त.

"कितवा महिना?"

"चौथा."

बाईंनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवून दिलं. "मग आत्ता नको. उगाच काही झालं तर? बाळंतपण झाल्यावर या."

"मी वहिनीला हेच सांगत होते," म्हणत नणंदेने सुटकेचा श्वास टाकला.

साडेतीन महिन्यांनी ती परत आली, एकटीच. बाईंनी हसून विचारलं, "काय झालं?"

"मुलगी. सातव्यातच झाली. सव्वा किलोसुद्धा भरली नाही. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती, मग गेली. तुम्ही म्हणाला होतात ना, बाळंतपण झाल्यावर या. झालं."

बाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या.

"हिरड्यांमुळे झालं का हो?"

"छातीठोक सांगता येत नाही. पुष्कळ कारणं असतात. पण हिरड्यांचा आजार असलेल्या बायकांत मूल वेळेआधी आणि कमी वजनाचं होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. चौथ्या महिन्यात साफ करायला काही धोका नव्हता. मीच भ्याले."

ती मागे टेकली आणि तिने तोंड उघडलं.

अर्धा तास काम चाललं. मध्येच तिचे कपडे छातीशी ओले झाले. दूध. बाईंनी तिच्या गळ्यातला कागद मुकाट्याने खाली ओढला. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांवरून माझ्या उशीत जिरत होतं.

महिन्याभरात हिरड्या बऱ्या झाल्या. इतकंच काम होतं! मूल जगलंच असतं असं मी म्हणत नाही. पण ते आता कुणालाच कधी कळणार नाही.

बाई आता पोटुशी बाई दिसली की आधी बोलावतात. काल एक आली. पाचवा महिना, रुमालावर रक्ताचा डाग. "बसा, घाबरू नका," बाई म्हणाल्या. सोबतच्या सासूने तिचा दंड धरला. "आमच्यात असलं कुणी करत नाही. चल."

ती माझ्याकडे बघत बघत गेली.

बायांनो, रक्त दिसलं की या. पोटात मूल असलं तरी या, एका डॉक्टरने परत पाठवलं तर दुसऱ्याकडे जा. पण खुर्चीचं कोण ऐकतं? मला दोन हात आहेत, पण जाणाऱ्या कुणाला धरून ठेवता येत नाही.