घंटेवरची फुली

दोष मधुकररावांचा. वयाने मोठे आहेत म्हणून मी आडवळणाने सांगणार नाही. त्यांच्यामागोमाग अरुंधती सिस्टरांचा, कारण त्यांना मोठ्या माणसाचं मन मोडवलं नाही.

मी मॉनिटर बोलतोय. नागपुरातल्या एका दवाखान्यात, हृदयाच्या वॉर्डात, सहा नंबरच्या खाटेशेजारी भिंतीला टांगलेला. खाटेवरच्या माणसाच्या छातीला माझ्या पट्ट्या चिकटवतात, बोटाला चिमटा लावतात, आणि त्या माणसाची धडधड माझ्या पडद्यावर उमटते.

मी आलो त्या दिवशी माझी पूजा झाली. पडद्याला कुंकू लावलं, पायाशी नारळ फोडला, मोठ्या डॉक्टरांनी भाषण ठोकलं. मग कंपनीचा माणूस माझी भाषा शिकवायला उभा राहिला, तर सगळी मोठी मंडळी चहाला निघून गेली. ऐकायला उरल्या नव्या नर्स मुली. त्यांत मुग्धा होती.

भाषा तरी कसली अवघड! माझ्या हाका दोनच. माणसाचं बिघडलं की लाल दिवा आणि कर्कश आवाज. माझंच काही बिघडलं, म्हणजे पट्टी सुटली, तार निघाली, चिमटा घसरला, की निळा दिवा आणि बारीक टुणटुण. ही टुणटुण लोकांना कटकट वाटते. तिचा अर्थ एवढाच, की मला दिसत नाहीये, बघा जरा.

देवराव माझ्याकडे आला तो हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर. कोराडीच्या वीज केंद्रातली नोकरी, मनीषनगरात घर. धोका टळला होता, पण ठोके अजून अधूनमधून चुकत होते. नजर ठेवायला हवी, असं डॉक्टर म्हणाले होते. ती नजर म्हणजे मी.

त्याचा थोरला भाऊ मधुकरराव कन्हानहून आला, पिशवीत कापराच्या तेलाची बाटली घेऊन. बाप लवकर गेला, देवरावला यांनीच वाढवलं. लहानपणी त्याची छाती कफाने भरली की हेच तेल कोमट करून चोळायचे आणि तो बरा व्हायचा. त्या बाटलीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. आल्या आल्या त्यांनी देवरावच्या छातीला तेल चोळलं. पट्ट्या सुटल्या. मी टुणटुण लावली.

मुग्धा आली. तिने आधी देवरावचा चेहरा बघितला, मग माझा पडदा. तेल स्पिरिटने पुसलं, कातडी कोरडी केली, नव्या पट्ट्या लावल्या. मी आपोआप गप्प झालो.

"काकाजी, तेल नका लावू," ती म्हणाली. "पट्टी चिकटत नाही, मग मशीनले काही दिसत नाही."

"पोरी, तू काल जन्मली. याची छाती मी लहानपणापासून चोळून राहिलो. तुह्या मशीनच्या बापाले तरी माहीत आहे का?"

देवराव हसला. "राहू दे ना गा, दादा. मशीनचा बाप आला तर त्यालेही तेल लावशील तू."

मधुकररावांनी वॉर्डातल्या जुन्या अरुंधती सिस्टरांकडे तक्रार नेली, की या मशीनमुळे भावाला झोप लागत नाही. सिस्टरांनी त्यांना माझ्या पडद्यावरची घंटा दाखवली. दाबली की तिच्यावर फुली येते आणि थोडा वेळ माझा आवाज बंद. मुग्धा चिडली. हे नातेवाइकाला शिकवायचं नसतं, म्हणाली. मोठ्यांशी वाद घालू नकोस, असं तिलाच ऐकावं लागलं. या वॉर्डात आजार कुठलाही असो, उपचार वय बघून ठरतो.

मग ती दुपार. मुग्धा समोरच्या खाटेवरच्या बाईला तपासणीसाठी खाली घेऊन गेली होती. मधुकररावांनी बाटली काढली. तळहात चोळायचे म्हणून बोटाचा चिमटाही काढला. पट्ट्या तेलात सरकल्या. माझ्या पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. मी टुणटुण लावली, त्यांनी घंटा दाबली. मी पुन्हा लावली, त्यांनी पुन्हा दाबली. देवरावचे डोळे मिटले तेव्हा त्यांनी त्याला शाल पांघरली आणि शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, "झोपला बिचारा."

तो झोपला नव्हता. त्याचं हृदय थांबलं होतं. आणि मी आंधळा होतो. लाल हाक मारायची तर आधी दिसावं लागतं.

मुग्धाला दारातूनच ती फुली दिसली. ती धावली, शाल फेकली, छाती दाबायला लागली. मग डॉक्टर आले, विजेचा झटका दिला, आणि माझ्या पडद्यावर पुन्हा लाट उठली.

मधुकरराव भिंतीला टेकून उभे होते. हात तेलाने चकाकत होते.

"मले कोणी सांगितलं काहून नाही?" ते म्हणाले.

सांगितलं होतं. पोरीने सांगितलं होतं, म्हणून ऐकू आलं नाही.

तरी त्यांचा राग धरून ठेवणं मला जमत नाही. त्यानंतर रोज ते भावाच्या उशाशी बसायचे. मी नुसतं टुण केलं तरी उठायचे, घंटेला हात लावायचे नाहीत, मुग्धाला शोधत जायचे. "बाई, जरा पाहता का," असं म्हणायचे. तेलाची बाटली पुन्हा दिसली नाही.

आता सहा नंबरवर दुसरा माणूस आहे, त्याच्या उशाशी दुसरे काका. मी टुणटुण करतो आणि त्यांचा हात घंटेकडे जातो. काका, आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघा, मग तारेकडे. आणि लहान वयाची कोणी काही सांगत असेल तर ऐका.

देवराव वाचला. पण मेंदूला तेवढा वेळ रक्त मिळालं नव्हतं. आता तो मधुकररावांना ओळखत नाही.