पिवळी फुली

सासूबाई तीस वर्षांत सात वेळा त्या नदीच्या काठापर्यंत गेल्या आणि सातही वेळा काठावरूनच हात जोडून परत आल्या. मंदिर नदीच्या मधोमध, बेटावर. नऊशे वर्षांचं, काळ्या दगडाचं. आणि पाण्याला त्या जाम घाबरतात. या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा मी म्हणाले, "आई, नावेत लाइफ जॅकेट देतात. आमच्याच कारखान्यातली असतात."

त्यांनी अट घातली. "तू तपासलेलं असेल तर येते."

मी तेच काम करते. जाकिटं तपासते. शिवण ओढून बघायची, पट्टा ओढून बघायचा, दर गठ्ठ्यातलं एक जाकीट वजन बांधून पाण्याच्या टाकीत चोवीस तास ठेवायचं. बुडालं तर अख्खा गठ्ठा नापास. नापास गठ्ठ्यातल्या प्रत्येक जाकिटाच्या कॉलरीत, आतल्या बाजूला, मी पिवळ्या दोऱ्याची फुली घालते. ती जाकिटं मशीनखाली कापून टाकतात, असं सुपरवायझरने सांगितलं होतं. अकरा वर्षं मी ते खरं मानलं. कापताना एकदाही बघायला गेले नाही. गाढवपणा माझा.

त्या सकाळी काठावर चाळीसेक माणसांची रांग. नावेच्या ठेकेदाराचा माणूस ढिगातून जाकिटं उचलून एकेकाच्या अंगावर फेकत होता. सासूबाईंना त्यांचं मिळालं. शाळेतली पोर वही दाखवते तसं त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. मी सवयीने कॉलर उलटी केली. पिवळी फुली.

नवऱ्याचं उलटं केलं. फुली. माझं. फुली. मागच्या बाईच्या कडेवर एक मुलगी होती, तिच्या जाकिटालाही फुली.

हा गठ्ठा मला आठवत होता. आत भंगारातला फोम, स्पंजासारखा पाणी पिणारा. त्यातलं जाकीट टाकीत दोन मिनिटांत तळाला गेलं होतं.

नवऱ्याने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. कानाशी लागून म्हणाला की इथे तमाशा नको, कारखान्याचं नाव खराब झालं तर उद्या घरी बसशील. दहा मिनिटांचं तर पाणी आहे. दहा मिनिटांचं. बुडायला तीन पुरतात. हेही मला कारखान्यातच शिकवलंय.

मी पायरीवर उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, जाकिटं काढा, ही बुडतात.

लोक चिडले. ठेकेदारावर नाही, माझ्यावर. एक जण म्हणाला, देवाच्या दारात अभद्र बोलू नका. दुसरा म्हणाला, एवढ्या वर्षांत कोणी बुडालं नाही. टोपीवाल्या काकांनी, बाईमाणसाला यातलं काय कळतं, हे ठेवणीतलं वाक्य काढलं. मला कळतं. रोजच्या दोनशे जाकिटांइतकं कळतं.

मग ठेकेदार आला. पोट पुढे, मोबाइल कानाला. ताई, सगळे कागद आहेत, म्हणाला.

"कागद तरंगतात," मी म्हणाले. "तुम्ही हे जाकीट घाला आणि उतरा पाण्यात. इथेच, पायरीपाशी. मी दोर धरते."

तो हसला. "मला पोहता येतं."

"मग हातपाय हलवू नका. आमच्या टाकीतलं वजनही हलवत नाही."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मघाचेच टोपीवाले काका म्हणाले, उतरा की हो, दोन मिनिटांचं काम. आता चाळीस जण ठेकेदाराच्या हातातल्या जाकिटाकडे बघत होते. त्याने ते घातलं नाही. आणखी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी त्याने कोठीचं कुलूप काढलं. आत बड्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली चोवीस जाकिटं, कोऱ्या पिशव्यांत. म्हणजे याला ठाऊक होतं. मी पायरीवर बसून चोवीसही उलटी केली, शिवणी ओढल्या, फोम दाबून पाहिला. दोन बाजूला काढली. बावीस पास. नाव बावीस जणांना घेऊन तासभर उशिरा निघाली. बाकीचे दुसऱ्या फेरीला. ठेकेदाराने माझा फोटो काढला, तुमच्या साहेबांना पाठवतो म्हणाला. मी सांगितलं, समोरून काढा, नीट येईल.

नावेत सासूबाई माझं मनगट धरून, डोळे मिटून बसल्या. बेट लागलं तेव्हाच उघडले.

मंदिर आत थंडगार होतं. मंडपातल्या खांबावर जुन्या पुरांच्या रेघा कोरलेल्या, एकीवर एक, प्रत्येकीपुढे साल. सगळ्यात वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर. सासूबाईंनी मान वर करून ती नीट पाहून घेतली.

उंबऱ्यापाशी पुजारी म्हणाला, आजी, ते जाकीट काढून आत या, देवापुढे बरं दिसत नाही.

सासूबाईंनी पट्टा आणखी आवळला. "गुरुजी, तो खांब बघा. त्या पुरात देवसुद्धा बुडाला होता ना?"

पुजाऱ्याने खांबाकडे पाहिलं.

"माझं जाकीट सुनेने पास केलंय. मी काढायची नाही."

आणि त्या ते केशरी जाकीट घालूनच आत गेल्या. तीस वर्षांचं राहिलेलं दर्शन त्यांनी घेतलं, अजिबात घाई न करता.

नवरा बाहेर पायरीवर बसून, उद्या काय होणार, उद्या काय होणार, एवढंच घोकत होता. ते मला ठाऊक नाही. फुलीवालं एक जाकीट मी पिशवीत घालून आणलंय. ते आधी साहेबाच्या टेबलावर ठेवणार. यापुढे मी नापास केलेला प्रत्येक गठ्ठा कापताना बघणार आहे. नोकरी राहिली तर मशीनशेजारी उभी राहून. नाही राहिली तर फाटकाच्या गजांतून.