घागर रांगेत, माणूस बाकावर

त्या बुधवारी सरजाबाईंनी आपली घागर रांगेत ठेवली, पदराने घाम टिपला आणि त्या माझ्यावर येऊन बसल्या. टँकर यायला अवकाश होता. त्यांनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या, शेजारच्या साखराबाईंना मूठभर दिल्या आणि टरफलं माझ्या फटीत कोंबली. मला ते कधीच आवडलं नाही. पार्वतीबाई दवाखान्याच्या मागच्या दारात आल्या, तशा सरजाबाई म्हणाल्या, "बाई, माझं मन हलकं झालं. पण माझ्या लेकीला एक डाव इथं बसवायचं हाय. गेलेल्या भीमाचं नाव काढलं की ती पुस्तक उघडती. तेवीस सालं झाली."

"आणा की पुढच्या बुधवारी."

"आणते. ओढून आणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता सरजाबाईंचं हृदय बंद पडलं. आपल्या लेकीला आणायचं राहूनच गेलं.

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाचा एक जुना बाक आहे. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेऱ्यांना सामान लागलं. निलंग्याच्या ईश्वरप्पा सुताराने मला घडवलं. माझ्या पाठीवर हात फिरवून तो म्हणाला होता, "ह्यावर हत्ती बसला तरी कुरकुरणार न्हाई." हत्ती आला नाही, पण सातबाऱ्यासाठी ताटकळणारी माणसं वर्षानुवर्षं आली. मी एकदाही कुरकुरलो नाही. पुढे शिरूर अनंतपाळ तालुका झाला आणि मला ट्रकमध्ये घालून इकडच्या कचेरीत आणलं. तिथे लोखंडी खुर्च्या आल्या. माझा एक पाय खिळखिळा झाला होता. मग मी सरकारी दवाखान्याच्या कोठीत गेलो आणि तिथे अंधारात नऊ वर्षं काढली. माझ्यावर फाटक्या गाद्या टाकल्या होत्या. उंदरांशिवाय कोणी विचारपूस केली नाही.

मग तो मोठा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले. दवाखान्याच्या भिंतीलगत टाकी बसवली, तिच्यात टँकर रिकामा होऊ लागला. त्याच सुमारास पार्वतीबाई आल्या. त्या समुपदेशक होत्या. मनाला त्रास होत असेल, झोप लागत नसेल, तर त्या ऐकून घेत आणि वाट शोधायला मदत करत. सगळं फुकट होतं. तरीही दोन महिने त्यांच्या खोलीत कोणी फिरकलं नाही.

"कसं येतील, बाई?" शिपाई मलप्पा म्हणाला. "दारावर पाटी हाय. आत पाय ठेवला की गावभर बोभाटा, फलाणीचं डोकं फिरलं म्हणून."

पार्वतीबाई खिडकीतून घागरींची रांग बघत राहिल्या. आमच्याकडे माणसाला रांगेत उभं राहावं लागत नाही, मित्रांनो. घागर ठेवली की नंबर लागला. बाई सावलीत बसो की घरी जाऊन भाकरी थापो, रांग सरकली की मागची बाई तिची घागर पायाने पुढे सरकवते. ती कुठे गेली, असं कोणी विचारत नाही.

"मलप्पा, एखादा बाक आहे का कोठीत?" त्यांनी विचारलं. "टाकी आणि माझं मागचं दार, ह्यांच्या मधोमध ठेवायचाय."

मलप्पाने माझ्या पायाला दोन खिळे ठोकले आणि मला उन्हात आणलं. त्या दिवसापासून माझे खरे दिवस सुरू झाले. बायका पाण्याला येत, माझ्यावर बसत आणि जिला जायचं ती मागच्या दाराने आत जाऊन येई. बाहेर येताना कुणाचे डोळे लाल असत. बाकीच्या बायका तिची घागर सरकवून ठेवत आणि शेंगांच्या भावाबद्दल बोलत. इतकं शहाणपण मी कुठल्याच कचेरीत पाहिलं नव्हतं. पुढे पुरुषही घागरी घेऊन येऊ लागले. कधी पाणी न भरणारे लिंबाजी बापू आले, तेव्हा साखराबाई एवढंच म्हणाल्या, "बापू, घागर हिकडं द्या. तुम्ही बसा."

सरजाबाई जाऊन तीन आठवडे झाले आणि त्यांची लेक पंचफुला आली. ती वाचनालयात नोकरी करायची. पहाटे सगळे झोपेत असताना भूकंप झाला, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ भीमा पाच वर्षांचा. किल्लारीजवळच्या त्यांच्या घराची दगडी भिंत कोसळली आणि भीमा गेला. ही कहाणी सरजाबाई मला पाठ होईपर्यंत साखराबाईंना सांगत.

पंचफुलाने घागर ठेवली आणि तिच्याजवळच उभी राहिली.

"घागरीला पाय फुटत न्हाईत, पोरी," साखराबाई म्हणाल्या. "सावलीत बस."

ती बसली नाही. सरळ पार्वतीबाईंच्या दाराशी गेली. "माझी माय दर बुधवारी पाण्याला जाते म्हणायची. इथं येत होती हे मला तिच्या माघारी कळलं. काय सांगायची ती तुम्हाला?"

"ते तिचं होतं," पार्वतीबाई म्हणाल्या. "ते मी कुणालाच सांगत नाही. तुमचं काही असेल तर ऐकते."

पंचफुला घागर न भरताच निघून गेली. मला वाटलं, आता ही येणार नाही. पण पुढच्या बुधवारी आली, पुस्तक घेऊन. त्याच्या पुढच्या बुधवारीही. बसायची, पुस्तक उघडायची, पाणी भरून जायची. पार्वतीबाई तिला बोलावत नसत. नुसतं दार उघडं ठेवत.

चौथ्या बुधवारी साखराबाईंनी वाकून पुस्तकात पाहिलं. "काय वाचायलीस गं?"

"आहे एक."

"मला वाचता येत न्हाई. पण कवाधरनं बघते, पान तेच हाय."

पंचफुलाला हसू आलं आणि अर्ध्यात थांबलं.

मित्रांनो, मला पॉलिश नको. दोन खिळे वेळेवर ठोकले तर मी आणखी वीस वर्षं काढीन. तुमच्याही घरात कोणी मन मिटून बसलं असेल, तर त्याला टोचू नका, हसू नका. शेजारी जागा ठेवा. आणि ते माणूस तुम्ही स्वतः असाल, तर अशा दाराशी जायला लाजू नका.

टँकर आला. पंचफुलाची घागर सगळ्यांत पुढे होती. ती उठली नाही. "मावशी, तेवढी भरा," ती म्हणाली आणि तिने पुस्तक मिटलं. साखराबाई उठून नळाकडे गेल्या. आत वीज नव्हती, खोली तापली होती, म्हणून पार्वतीबाई बाहेरच येऊन तिच्या शेजारी बसल्या. नळाखाली घागर वाजू लागली. पंचफुला तिकडे बघत होती. तिचे दोन्ही हात माझ्या फळीवर घट्ट होते. मग ती बोलली. वाचनालयातल्या भाषेत नाही, घरच्या भाषेत.

"दाराजवळची जागा भीमाची व्हती, माय. त्या रात्री मी भांडून घेतली. त्याला भिंतीकडं मीच निजवलं."