शिडीचा चौथा माणूस

आमच्या अग्निशमन केंद्रातली मोठी शिडी उभी करायला चार माणसं लागतात. दोघांनी पायथा दाबून धरायचा आणि दोघांनी बाजूचे टेकू घेऊन तिला वर ढकलत न्यायचं. आमचा चौथा माणूस निवृत्त झाला, त्याची जागा भरली गेली नाही, आणि शिडी गाडीच्या टपावर नुसती बांधलेली राहिली. केंद्रप्रमुख या नात्याने मी मुख्यालयाकडे माणूस मागत राहिलो. मागणी विचाराधीन असल्याचं उत्तर येत राहिलं.

अखेर आम्ही तिघांत ती उभी करण्याची रीत बसवली. पायथा रस्त्याच्या कडेच्या दगडाला अडवायचा आणि एकट्या मामांनी तो खांद्याने रेटून धरायचा. मामा म्हणजे आमचे चालक. सगळं केंद्र त्यांना मामाच म्हणतं, वयाने मोठा असून मीही. टेकूंना मी आणि पैलवान. पैलवान इतका किडकिडीत, की हे नाव ठेवणाऱ्याचा हेतू कुणालाही कळावा.

या सरावात मामांचा उजवा खांदा कामातून गेला.

"सकाळी शर्टाची बाही तुमची मामी चढवून देते," ते सांगत. "लग्नानंतर पहिल्यांदाच एवढी जवळ येतेय."

डॉक्टरांनी वजन उचलायची मनाई केली होती. चौथा माणूस आला की मामांनी फक्त गाडी आणि पंप सांभाळायचा, असा शब्द मी त्यांना दिला होता.

मग एका इमारतीत आग लागली. जिन्यात धूर कोंडला होता आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक बाई उभी होती. शिडी तिघांत उभी राहिली. पैलवानाने बाईला खाली आणलं. अहवालात मी घडलं तेच लिहिलं: मनुष्यबळाअभावी शिडी तीन जणांनी उभी केली. हे वाचून तरी माणूस मिळेल, असा माझा हिशेब होता.

माणूस मिळाला नाही. मुख्यालयातले उपप्रमुख आले. चहा नको म्हणाले.

"तिघांत होत असेल, तर चौथी जागा रद्द करावी असं वरचं मत आहे. एकदा करून दाखवा, म्हणजे मला तसं लिहिता येईल."

"तिघांत होत नाही, साहेब," मी म्हणालो.

"त्या दिवशी झाली."

"त्या दिवशी वर बाई होती."

"मग झालं तर. वेळ आली की होते."

मामा गाडीला टेकून ऐकत होते. "साहेब, असं करा. कोट काढा आणि माझ्या जोडीला पायथ्याला या. आम्ही का मागतोय, ते हातालाच कळेल."

मला ते पटलं. उपप्रमुखांनी कोट काढला, घडी घालून पायरीवर ठेवला आणि मामांच्या शेजारी पाय रोवून उभे राहिले. एकेकाळी त्यांनीही गाडीवर काम केलेलं होतं. ते त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. मी हुकूम दिला. शिडी जराही न डगमगता सरळ वर गेली. चौथा माणूस गेल्यापासून मी तिला अशी उठताना पाहिलं नव्हतं.

उपप्रमुखांनी हात झटकले. "एवढी काही जड नाही हो."

"आता आपण चौघं होतो, साहेब."

"होतो, पण मी काही फारसा जोर लावला नाही."

त्यांनी कोट घातला, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते गेले. जागाही गेली, हे आम्हा तिघांना कळलं.

शिडी अंगणात उभीच होती.

"उतरवेपर्यंत तरी थांबवायचं त्यांना," पैलवान म्हणाला.

मी टेकू धरला. मामा पायथ्याशी वाकले. या वेळी त्यांनी डावा खांदा लावला.