शेजाऱ्याकडे तोंड करून

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या एका बागेचे जुने लाकडी कुंपण आहे. वय सव्वीस वर्षे. मला दोन बाजू आहेत, आणि माझ्या जिवावर बेतले ते त्या दोन बाजूंमुळेच.

मला एमेटने उभे केले. सीडरचे लाकूड, तांबूस आणि सुवासिक. आमच्याकडची रीत अशी, की कुंपणाची गुळगुळीत बाजू शेजाऱ्याकडे करायची आणि खांब, आडव्या पट्ट्या आपल्याकडे ठेवायच्या. एमेटने रीत पाळली. त्याची बायको लोर्ना म्हणाली, "म्हणजे कष्ट आपले आणि शोभा त्यांची!" एमेट नुसता हसला.

दर उन्हाळ्यात तो मला दोन्ही बाजूंनी धुवायचा, वाळू द्यायचा आणि तेल पाजायचा. पुढे एमेट वारला. लोर्नाने ते काम सोडले नाही, पण करायची फक्त आपल्या बाजूचे. पलीकडे ड्वाइट नावाचा नवा शेजारी आला होता. तोंड त्याच्याकडे, तर निगाही त्यानेच राखावी, असे तिला वाटे. कुंपण तिचे, तर निगाही तिनेच राखावी, असे त्याला वाटे. सात वर्षे कोणी कोणाला विचारले नाही. त्या बाजूला ऊन कमी, पाऊस भरपूर. माझ्या अंगावर शेवाळ चढले. पायाशी पाचोळा साठून फळ्यांची टोके मऊ पडली.

गेल्या ऑगस्टमध्ये ड्वाइट लोर्नाच्या दाराशी आला.

"लोर्ना, ते कुंपण काढून प्लास्टिकचं लावू या. सगळं मी बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा. कुजलंय ते."

"कुजलंय? काहीतरीच! कालच मी हात फिरवला त्यावरून."

"माझ्या बाजूनं येऊन बघा एकदा."

सात वर्षांत ती पहिल्यांदाच पलीकडे आली. माझ्या शेवाळावरून तिने बोट फिरवले. मलाच लाज वाटली. मग ती म्हणाली, "मला शनिवारपर्यंत वेळ द्या. नाही सुधारलं, तर खुशाल काढा."

दुसऱ्या दिवशी ड्वाइट मदतीला आला, तो जोराच्या पाण्याचे मशीन भाड्याने घेऊनच. पहिल्याच फवाऱ्यात शेवाळाबरोबर माझे लाकूडही निघाले. एका फळीवर वीतभर लांब चर पडला.

"अहो, कुंपण धुताय की बटाटे सोलताय? बंद करा ते!" लोर्ना ओरडली.

"मला वाटलं, जोर जास्त तेवढं स्वच्छ जास्त."

"तोंडही असंच धुता का?"

तिने त्याच्या हातात मऊ ब्रश दिला. साबणाचे पाणी लावून लाकडाच्या रेषेरेषेने घासायचे आणि बागेच्या नळीने हलके धुवायचे. दोघांनी पाचोळा ओढला. मऊ पडलेली टोके कापली. एक खांब जमिनीशी कुजला होता, तो बदलला. ओल असली तर तेल आत शिरत नाही, म्हणून पुरे दोन दिवस मला उन्हावाऱ्यात वाळू दिले.

शनिवारी तेल लागले आणि माझा तांबूस रंग वर आला. ड्वाइट मागे सरून पाहत राहिला. "राहू दे हे. प्लास्टिक नको," तो म्हणाला. मग जरा अवघडून, "फळ्या काढून गुळगुळीत बाजू तुमच्याकडे करू का? इतकी वर्षं तुम्ही याची पाठच बघितलीत."

"नको. एमेटनं जिकडे तोंड केलंय, तिकडेच राहू दे. पण तुमच्या बाजूला माझ्यासाठी एक खुर्ची टाका."

मित्रांनो, लाकूड वयाने मरत नाही, साचलेल्या ओलीने मरते. वर्षातून एकदा आमच्या पायाशी साठलेला पाचोळा ओढा, हलक्या हाताने धुवा, नीट वाळू द्या. आणि शेजाऱ्याला विचारून दुसरी बाजूही पाहून या.

माझ्या फळीवरचा तो चर अजून तसाच आहे. रविवारी लोर्ना कॉफी घेऊन पलीकडच्या खुर्चीत बसते, चराकडे बघते आणि "बटाटे" एवढेच म्हणते. ड्वाइट मान खाली घालून तिच्या कपात आणखी कॉफी ओततो.