वरचं शेवाळ

कृष्णातने पडवीत गोणपाट अंथरलं होतं आणि त्यावर शेवाळाचे तीन ढीग मांडले होते. पहिला विहिरीच्या पायऱ्यांवरून खरवडलेला, हिरवागार आणि बुळबुळीत. दुसरा कालव्याच्या भिंतीवरचा, त्यात निम्मी माती. तिसरा कोयनेकडच्या रानातला, मेव्हण्याने पोत्यात घालून एस.टी.च्या टपावरून धाडलेला. सतरा वर्षं पलटणीत काढून पेन्शनीत आलेला हा हवालदार सकाळपासून एकेक मूठ उचलत होता, नाकाला लावत होता आणि परत खाली ठेवत होता. शेजारी तारेची टोपली पडली होती आणि तिच्यातलं ऑर्किडचं झाड मरणपंथाला लागलं होतं.

राहीबाई दारातून म्हणाली, "आवं, आज उसाला पाण्याची पाळी हाय. आन तुमी शेवाळ हुंगत बसलाय."

"आकाराम बघंल पाण्याचं. तू गप ऱ्हा."

धाकट्या दिराच्या जिवावर किती दिवस ढकलणार, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ती आत वळली. झाड कुणाचं हे तिला ठाऊक होतं. नवरा त्याच्यासाठी एवढा जीव का टाकतो, ते मात्र त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

झाड अर्जुनाचं. अर्जुना माणदेशातला धनगर, कृष्णातच्याच कंपनीतला. दोन वर्षांपूर्वी दोघं सिक्कीमच्या डोंगरात होते आणि दोघांची रजा एकदमच मंजूर झाली होती. झाडाच्या अंगावर उगवणारं हे फुलझाड आईला न्यायचं, असं अर्जुनाने मनात घेतलं होतं. म्हातारीने जन्मात बाभळ आणि तरवड सोडून दुसरं फूल धड पाहिलं नव्हतं. मोडून पडलेल्या फांदीवरून त्याने झाड सोडवलं आणि झऱ्याकाठचं ओलं शेवाळ मुळांना गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात कृष्णात म्हणाला, "खालचं चिखलाचं नगं रं, वाटंत कुजंल. त्या मोठ्या झाडावरचं आण. तुमी धनगर, चढण्यात वस्ताद."

सहज बोलला. पण हवालदाराचं सहज बोलणं म्हणजे शिपायाला हुकूमच. अर्जुना हसत हसत चढला. गावाकडे शेरडांना पाला पाडायला तो रोज बाभळीवर चढायचा, पण बाभळीची साल कोरडी असते आणि तिथलं झाड वर्षाचे बारा महिने भिजलेलं. तो वरून आला तो थेट दगडावर, कृष्णातच्या डोळ्यांदेखत.

कागदावर लिहिलं गेलं की कामावर असताना अपघाती मृत्यू. तो कागद अर्जुनाच्या आईला, हरणाबाईला पोचला. त्याला वर कुणी धाडलं, हे कुणी विचारलं नाही आणि कृष्णातने सांगितलं नाही. म्हणजे खोटं कुणी बोललं नाही. खरं तेवढं राहून गेलं. गड्याने पेन्शन काढली, झाड घरी आणलं आणि मनाशी शपथ घेतली की याला फूल आलं की टोपली म्हातारीच्या हातात द्यायची आणि सगळं सांगून टाकायचं. रिकाम्या हाताने जाऊन बोलायचं काय? हातात फूल असलं म्हणजे तोंड उघडेल, अशी त्याची समजूत. एक चैत्र गेला, दुसराही निघाला होता, आणि फुलाचा पत्ता नव्हता.

आता हा पडला वाळव्याकडचा ऊसवाला. त्या झाडाच्या काड्या हुबेहूब उसासारख्या, टिचभर उंच, पेरापेरांच्या. उसासारखं दिसतंय म्हटल्यावर याने त्याला उसासारखंच वागवलं. शेवाळ अंगठ्याने दाबदाबून भरलं, उसाला मातीची भर देतात तसं. सकाळ-संध्याकाळ पाणी, वरून शेणखताचं पाणी. थंडीत पानं गळायला लागली. पानं गळताहेत म्हणजे तहान लागली, हे ऊसवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग दुपारचंही पाणी सुरू झालं. काड्या बुडातून पिवळ्या पडल्या, दाबलं की पाणी सुटू लागलं, आणि दोष शेवाळाचाच हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. दोन वर्षांत चारदा शेवाळ बदललं. का बदलत होता, हे उघड आहे. एकदा शेवाळ निवडण्यात त्याच्या हातून माणूस गेला होता. आता योग्य शेवाळ सापडल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

त्या सकाळी काडी नीट करायला गेला, तर ती हातातच आली. त्याने टोपली पिशवीत घातली, तिन्ही ढिगांतलं मूठमूठ शेवाळ पुडीत बांधलं आणि साताऱ्याची गाडी गाठली. साताऱ्याच्या पुढे आप्पासो नावाचा एक रोपवाला डाळिंबाची कलमं बांधायला शेवाळ वापरतो, असं त्याने बाजारात ऐकलं होतं.

आप्पासो तोंडाचा फटकळ, पण हाताचा जाणता. त्याने आपल्याकडचं शेवाळ कृष्णातच्या पंजात दिलं, लांब धाग्यांचं, तपकिरी. "आवळ मूठ. आता सोड."

मूठ उघडल्यावर शेवाळ हळूहळू फुगून वर आलं.

"हे असं उठून आलं पायजे. म्हंजी आत वारा खेळतो. आता तुझं बघू." विहिरीचं शेवाळ मुठीतून सुटलं तेव्हा त्याचा गोळाच झाला होता, आणि कालव्याच्या शेवाळाने हात चिखलाने भरले. कोयनेचं मात्र उठून आलं. "ह्ये ब्येस हाय की. मग झाडाला काय धाड भरली?"

त्याने झाड टोपलीतून उपसलं आणि मुळं चिमटीत ओढली. त्यांची सालपटं निघून आली, आत नुसता दोरा राहिला. "पाणी किती घालतोस?"

"दोन येळ. थंडीत तीन येळ. पानं गळाया लागली म्हणून."

"आरं मर्दा, ऊस हाय व्हय ह्यो? थंडीत ह्ये झाड निजतंय. पानं टाकायची, कोरडं पडून ऱ्हायाचं, मग चैतात फुलायचं. तू त्येला निजूच दिलं न्हाईस, बुडवून मारलंस. शेवाळाच्या नावानं कशाला खडं फोडतोस?"

दोन वर्षं पोटात ठेवलेला एक प्रश्न कृष्णातच्या तोंडून निघून गेला. "आन नुसतं वाटंनं न्यायचं असलं तर? दोन-तीन दिसाची वाट. झऱ्याकाठचं, चिखलाचं शेवाळ चाललं असतं?"

"दोन-तीन दिसाला?" आप्पासो हसला. "दोन-तीन दिसाला वली चिंधी गुंडाळली तरी चालती."

कृष्णातने शेवाळाची पुडी खाली ठेवली आणि तिच्याशेजारीच बसला. अर्जुना चढला नसता तरी चाललं असतं. झाड मुक्कामाला पोचलं असतं, अर्जुना पोचला असता. शेवाळाची पारख म्हणून जी फुशारकी त्याने मारली होती, ती पारख त्याच्याकडे नव्हतीच आणि तिची गरजही नव्हती. आप्पासोला वाटलं, झाडाच्या दुःखानेच माणूस गळाला. त्याने सडकं सगळं कापून काढलं. एकच काडी टणक निघाली. ती त्याने नव्या शेवाळात सैलसर बसवली आणि टोपली कृष्णातच्या मांडीवर ठेवली.

"फूल कवा यील?" कृष्णातने विचारलं.

"जगंल का न्हाई ते इचार आदी. जगलं तरी दोन वरसं फुलाचं नाव काढू नगं."

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीकडची गाडी उभी होती, पलीकडे दहिवडीची. घरी गेलो तर उद्या सकाळी हातात पुन्हा पाण्याचा तांब्या असेल, हे कृष्णातला पक्कं माहीत होतं. स्वतःच्या हाताचाच भरवसा उरला नव्हता. आणखी दोन वर्षं म्हातारी काढील, याचा तरी भरवसा कुणी द्यायचा? तो दहिवडीच्या गाडीत चढला. रहिमतपूर गेलं, औंध गेलं, आणि खिडकीबाहेर हिरवं काही दिसेना. गेल्या साली पावसाने दगा दिला होता. रानं तापून पांढरी पडली होती. दोनदा त्याला वाटलं की उतरावं आणि परतीची गाडी धरावी.

दिवस कलताना तो वाडीवर पोचला. हरणाबाई खोपटापुढे लोकर कातत बसली होती, वाळून काटकी झालेली. "मावशी, मी कृष्णात. अर्जुनाच्या कंपनीतला हवालदार."

म्हातारीचा हात थांबला. ती उठली, आत गेली आणि तांब्यात पाणी घेऊन आली. दोन कोसांवरून डोक्यावर आणलेलं पाणी होतं ते. कृष्णातला ते पिता येईना. त्याने टोपली तिच्यापुढे ठेवली.

"ह्ये अर्जुनानं तुमच्यासाठी घेतलं हुतं."

"काडी हाय की," हरणाबाई म्हणाली.

मग कृष्णात बोलला आणि थांबलाच नाही. झरा, खालचं शेवाळ, वरचं शेवाळ, ओली साल. "मी म्हणलो, वरचं आण. त्यो चढला. खालचं चाललं असतं, मावशी. चिंधीबी चालली असती. मला आज कळलं." ती शिव्या देईल, दगड उचलून मारील, याची तो वाट बघत होता. खरं तर तिने मारावंच, असं त्याला मनापासून वाटत होतं.

हरणाबाईने दगड उचलला नाही. तिने हलक्या आवाजात विचारलं, "पडला तसा लगीच ग्येला?"

"न्हाई. घटकाभर हुता."

"मग तवा त्येच्याजवळ कोण हुतं?"

"मीच की. डोकं माझ्या मांडीवर हुतं. पाणी मागितलं, ते पाजलं. दोन डाव 'आयं' म्हणला, आन मग ग्येला."

"पाणी पाजलंस?"

"पाजलं, मावशी."

म्हातारीने पदर तोंडाशी धरला. "कागूद वाचणाऱ्याला म्या इचारलं, जवळ कोण हुतं? त्यो म्हणला, ते कागदात न्हाई. दोन वरसं झाली, घास तोंडात घेतला की मनात त्येच येतं. माझं लेकरू एकलंच पडलं, पाण्याबिगर म्येलं." तिने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "आन तू हितं, एका दिसाच्या वाटंवर, फुलाची वाट बघत बसला हुतास व्हय रं?"