तपासणाऱ्याची सही

काम: होडी. करणारा: रंगनाथ. तपासणारा: संध्या.

वहीच्या पानावर ह्यांनी पट्टीने रकाने आखले आणि मला न विचारता माझं नाव लिहून टाकलं. मी ब्लाउजला हुक लावत बसले होते.

"मला होडीतलं काय कळतं?"

"म्हणूनच," हे म्हणाले. "कळणारा माणूस नको तिथे सूट देतो."

ओझरच्या विमान कारखान्यात हे फिटर. तिथला नियम असा, की ज्याने बोल्ट आवळला त्याने तो तपासायचा नाही. दुसऱ्याने तपासायचा, सही करायची, मगच विमान जागचं हलतं. घरी मात्र हे स्वतःच सगळं. सत्त्याण्णव साली स्कूटरला ब्रेकची केबल ह्यांनीच बसवली, ह्यांनीच तपासली, आणि दहाव्या मैलावर ती सुटली. डावा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. विमानाखाली आडवं होणारा माणूस स्टोअरच्या खिडकीत बसून वॉशर देऊ लागला.

त्याचं दुःख ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दुःख होतं ते कपाटामागे उभं होतं. एक रशियन इंजिनिअर मायदेशी जाताना ह्यांना मासेमारीची छडी देऊन गेला होता. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. पिसाचा किडा करायचा, जड दोरी हवेत मागेपुढे झुलवायची आणि किडा पाण्यावर अलगद टेकवायचा. पूर्वी दर रविवारी हे वैतरणेच्या धरणात मांडीभर पाण्यात उभे असत. किडे मी बांधायची. चिकनच्या दुकानातून कोंबड्याच्या मानेची पिसं, फॉल-पिकोचा दोरा, वर जरीची एक तार.

आता काठावरच्या गाळात काठी रुतते. चार वर्षं छडी कपाटामागे. पाण्यावर परत जायचं तर एकच वाट होती, बसून. म्हणून ही होडी. दोन हजार एक, एप्रिल, गोदाकाठचा जुना बाजार, हवा भरायची रबरी होडी, तीन ठिकाणी फाटलेली.

पायरी १. हवा.

इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर साबणाचं पाणी लावून छिद्रं शोधली. पंक्चरवाल्याकडून रबराचे तुकडे आणि सोल्युशन आणलं. पंप पायाने मारायचा. हे उजव्या पायाने मारत, डावा हात माझ्या खांद्यावर. दाबाचा काटा ठरलेल्या आकड्यावर आला की थांबत. एक फुंकर जास्त नाही.

पायरी २. बैठक.

प्लायवुडच्या फळीवर प्लास्टिकची खुर्ची, तारेने आवळलेली. पाय ठेवायला उशी.

पायरी ३. दोरी.

गच्चीवर होडीत बसून हे दोरी झुलवून बघायला लागले. दोरी वल्ह्यात अडकली, हवेच्या झाकणात अडकली, खुर्चीच्या हातात अडकली, एकदा वाळत घातलेल्या परकरात अडकली.

शेजारची निकिता कठड्यावरून ओरडली, "काका, काय लागलं?"

"तुझी काकू!"

मी जुन्या ताडपत्रीचा पदर शिवला. होडीच्या सगळ्या खुंट्या-झाकणांवर तो ताणून बांधला की दोरी त्यावर नुसती घसरते. ह्यांनी दहा वेळा झुलवून पाहिलं. एकदाही अडकली नाही. "ह्याचं करणारा तू," म्हणाले आणि 'करणारा' ह्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव गेलं.

पायरी ४. पाणी.

पहिला रविवार. महेश, माझा भाऊ, त्याची जीप. धरणावर झिपरू भेटला. साठीचा माणूस, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतो. होडी पाण्यात सोडली आणि पाच मिनिटांत ती शिळ्या पुरीसारखी बसली.

"भोक," मी म्हणाले.

"भोक नाही," हे काटा बघत म्हणाले. काटा खाली आला होता.

झिपरू पोट धरून हसला. "सायेब, पाणी गार हाय. आत हवा आखडली. आधी पाण्यात टाका, गार होऊ द्या, मग वरून भरा. ट्यूबवाल्या पोरांनापन ठावं हाय."

"काट्यावर तर बरोबर होती."

"काटा काय पाण्यात बसतोय का?"

मग त्याने पिसाचा किडा चिमटीत धरून उलटसुलट पाहिला. "ह्याला मासा लागंल?"

"लागेल."

"लागला, तर टोपीसारखा डोक्यावर घेऊन नाचंन मी."

सही नाही.

पायरी १, पुन्हा. पायरी २, तीही पुन्हा.

दुसरा रविवार. हवा पाण्यात भरली. होडी टणक. हे काठी टाकून बसायला निघाले तशी मी आडवी गेले.

"आधी मी."

"तुला पोहता येत नाही."

"तपासणारा कोण आहे?"

गुडघाभर पाण्यात मी खुर्चीवर बसले. ह्यांनी वाकून माझ्या कमरेला पट्टा लावला. मी पाहतच राहिले. रुंद खाकी पट्टा, लोखंडी बक्कल, खुर्चीला आवळलेला. गच्चीवर बसून पाहिलं तेव्हा हा नव्हता. विमानात बसणारा माणूस बांधलेला हवा, हे ह्यांच्या हातात मुरलेलं.

"आता वल्हं घे."

वल्हं उजवीकडे पडलं होतं. मी वाकले. खुर्ची उंच, तिच्यावरची मी त्याहून उंच. होडीने मला आणि आकाशाला एकदमच उलटं केलं.

गुडघाभर पाणी. पण डोकं खाली असेल तर गुडघाभर पुरतं. बक्कल हाताला लागेना. खुर्ची माझ्या पाठीवर, होडी खुर्चीवर. नाकात गाळ. मग कोणीतरी केस धरले, पोटाशी लोखंड गार लागलं, पट्टा सुटला.

झिपरूच्या हातात जाळ्याचा कोयता होता. "सायेब, बाईला का बांधलं? पानी म्हंजी काय विमान हाय?"

हे पाण्यात बसले होते. वाकत नसलेला पाय पुढे सरळ. कापलेला पट्टा हातात धरून माझ्याकडे बघत होते.

"स्कूटर," म्हणाले. "पुन्हा तेच. माझं मलाच दिसलं नाही."

मी खोकत होते. घरी चला म्हणणं सोपं होतं, आणि ह्यांनी ऐकलंही असतं. छडी परत कपाटामागे गेली असती. मी वही मागितली. ओल्या हाताने लिहिलं: नापास. पट्टा काढणे. खुर्चीचे पाय कापणे.

"मला दिसलं ना," मी म्हणाले. "मग झालं तर. ह्यासाठीच दोन रकाने असतात."

पायरी २, पुन्हा पुन्हा.

करवत. खुर्ची फळीपासून चार बोटांवर आली. डाव्या पायाखाली जाड गादी. पट्टा मी कापडाच्या डब्यात टाकला. झिपरूने स्कूटरची ट्यूब दिली, छातीभोवती घालायला.

पायरी ५.

तिसरा रविवार, सकाळी साडेसात. मी बसले, वाकले, दोन्हीकडे रेलले, झिपरूला होडी गदागदा हलवायला लावली. नाही उलटली. ह्यांना बसवून तेच केलं. मग जीपच्या बॉनेटवर वही ठेवून सही केली. पूर्ण नाव लिहिलं.

हे निघाले.

काठी काठावर राहिली. वल्ह्याला गुडघा लागत नाही. चार वर्षं मी ह्यांना लंगडताना पाहत होते, आता पाठ तेवढी दिसत होती आणि ती लंगडत नव्हती. खडकाच्या सावलीपाशी ह्यांनी वाळूची पिशवी नांगर म्हणून सोडली. दोरी वर गेली. मागे. पुढे. माझ्या ताडपत्रीवरून सरकत सुटली.

पहिल्यांदा काही नाही.

दहाव्यांदा काही नाही.

"पिसं ती पिसं," झिपरू म्हणाला.

मग पाणी फुटलं. छडी वाकली, अशी वाकली की मला वाटलं मोडली. नांगर सुटला आणि होडी चालायला लागली. वल्ही आत होती, वारा नव्हता, मासा होडी ओढत होता!

"खडस हाय!" झिपरू कंबरभर पाण्यात धावला. "सैल सोडा सायेब! सोडा!"

"मला शिकवू नकोस!" हे तिकडून ओरडले. चार वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता. महेश जीपचा हॉर्न वाजवत सुटला.

अर्ध्या तासाने होडी काठाला लागली. जाळीत हाताएवढा लांब खडस, सोनेरी खवले, ओठाच्या कोपऱ्यात माझ्या जरीची तार.

"लागला," हे म्हणाले. बस, एवढंच.

झिपरूने डोक्याची टोपी काढून मला धरायला दिली. मासा दोन्ही हातांनी टाळूवर ठेवला आणि गुडघाभर पाण्यात, त्याच पाण्यात, नाचला. पाणी गालावरून ओघळत होतं, शेपटी कानाला फटके मारत होती, आणि तो थांबायचं नाव घेईना.

हे होडीतच बसून टाळ्या वाजवत होते. उतरायला मी खांदा पुढे केला.

"थांब," म्हणाले, "अजून एक फेरी. वही आण."

"सही झालीय."

"ती माझ्या फेरीची. आता छडी तू धरणार. तपासणारा मी."